तणमोर पाहिलेली दोन माणसं

डोमाजींना पाखरांबद्दल काही सांगायला जाणार असाल तर जपून जा. माणूस तसा गोड, पण पाखराचा विषय निघाला की पोलीस परवडला. सारी उमर जंगलखात्यात वनमजुरी केली, आता गिरडला राहतात. वर्ध्याच्या पक्षिमित्रांकडे कुठून दुर्मिळ पक्ष्याची खबर आली, की खरंखोटं करायला हेच निघतात.

त्यांचा नियम साधा. पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही, फोटो दाखवायचा नाही, खूण आपल्या तोंडून काढायची नाही. समोरच्यानं सांगायचं, आपण लिहायचं. कारण आपली माणसं पडली भिडस्त. दारी आलेल्याला 'नाई' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. एका भल्या गृहस्थानं तर साहेबाचं मन राखायला साध्या तित्तराला तुरा लावून दिला होता! असल्या कितीतरी नोंदी डोमाजींनी मुलाहिजा न ठेवता खोडल्या.

त्यांची स्वतःचीही एक नोंद होती, आणि ती कुणीच मानली नव्हती. तीस वर्षांपूर्वी, पोळ्याच्या सुमाराला, ते आणि त्यांची बायको सीताबाई गवत कापायला गेले होते. गवतातून एक काळा पक्षी माणसाच्या डोक्याएवढा उंच, सरळ वर उसळला, तिथंच खाली पडला, पुन्हा उसळला. तणमोर. मादीसाठी नाचत होता. दोघंही विळे हातात धरून उभीच राहिली. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "डोम्या, सकाळीच घेतली काय?"

त्यानंतर तो पक्षी डोमाजींना कधी दिसला नाही. किती पावसाळे गवताच्या कडेनं काढले, काही उपयोग नाही. तरी घरात तो पाहिलेली दोघं होती. भाकर थापता थापता सीताबाई मध्येच म्हणायची, "कसा उसळे जी तो!" आणि हे म्हणायचे, "हाव." तीन वर्षांमागे सीताबाई गेली. तेव्हापासून तो पक्षी पाहिलेला दुसरा माणूस डोमाजींना उरला नाही. पक्षी पुन्हा दिसावा याची ओढ होतीच, पण त्याहून मोठी ओढ होती ती कुणीतरी 'मी पण पाह्यला' म्हणावं याची.

यंदा पक्षिमित्रांच्या अनुपचा फोन आला. आंजीच्या कुसुमबाई त्याला बाजारात भेंडी तोलून देता देता म्हणाल्या होत्या, आमच्या पडीतात एक वेगळंच काळं पाखरू येऊन राह्यलं. "काका, पाहून येजा," अनुप म्हणाला. काकांनी सकाळची पहिली एसटी धरली.

कुसुमबाई त्यांना शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, घेऊन गेल्या. दोघं तिथं दोन तास बसली. समोरच्या पडीतात गवत होतं आणि गवतच होतं. शेवटी डोमाजींनी वही उघडली.

"सांगा बाई, काय पाह्यलं?"

"काळं पाखरू होतं भाऊ. गवतात."

"मंग?"

"मंग काय, गवतातच होतं."

इथं गप्प बसायचं असतं. उभं आयुष्य डोमाजी असे गप्पच बसले होते. पण या खेपेला त्यांना दम निघेना.

"उसळून राह्यलं होतं काय? सरळ वर?"

कुसुमबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "हाव. सरळ वर."

"अन् तिथंच खाली?"

"तिथंच."

"डोक्यामागं लांब पिसं?"

"हाव जी, होती ना पिसं."

डोमाजींचे डोळे भरून आले. घाईघाईनं लिहीत सुटले बिचारे. सही करायची वेळ आली आणि जुन्या सवयीनं त्यांनी लिहिलेलं एकदा वाचून काढलं. बाईंचा म्हणून एक शब्द नव्हता त्यात. सगळे शब्द स्वतःचेच. एक प्रश्न अजून विचारायला हवा होता, आणि विचारायची अजिबात इच्छा नव्हती.

"अन् पाय? लालबुंद होते काय?"

नाही म्हण माय, असं त्यांचं मन म्हणत होतं.

"हाव," कुसुमबाई म्हणाल्या. "लालबुंद."

तणमोराचे पाय मळकट पिवळे असतात. डोमाजींनी पानावर वरपासून खालपर्यंत रेघ मारली.

"काऊन खोडलं जी भाऊ? माह्यं काई चुकलं काय?"

"तुमचं नाई चुकलं. माह्यं चुकलं."

कुसुमबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "उसळताना मी नाई पाह्यलं. काळं काईतरी गवतात घुसलं, तेवढंच. पण तुमी असे इचारून राह्यले होते का मले नाई म्हणवलंच नाई. रागावले काय?"

डोमाजींनी वही पिशवीत घातली. राग कुठून यावा?

"नाई बाई," ते म्हणाले. "पाच मिनटं तं आपण दोघं होतो ना पाह्यलेले."