खळ्यावरची हिरवळ

काड्यापेट्यांसाठी जंगल तोडणाऱ्या एका स्वीडिश साहेबाने गुंजीजवळ आपल्या देशातल्यासारखी पिवळी हवेली बांधली होती आणि तो तिथेच राहायचा. मी गावचा मास्तर, इंग्रजी येणारा, त्यामुळे त्याच्या पाहुण्यांना ती दाखवायला दर रविवारी मलाच जावं लागे. तिथल्या माळ्याचा मला मनस्वी राग यायचा. कायम कमरेत वाकलेला, वाक्यावाक्याला ‘व्हय जी’. पाहुणे हवेलीत बूट घालून फिरले तरी चकार शब्द नाही, पण मागच्या हिरवळीपाशी आला की पायताण काढायचा आणि आम्हालाही म्हणायचा, “मास्तर, चपला हितंच काढा जी.”

एका रविवारी मी चपला न काढता मुद्दाम आत शिरलो. “साहेबाच्या गवताला देव केलास काय रं?”

तो पहिल्यांदाच ताठ झाला. “गवताला कशाला? हेच्या खाली आमचं खळं हाय. आज्ज्यापासनं हितं मळणी व्हायची. ऐन सुगीच्या तोंडाला सायबानं कुंपण घातलं. खळ्यात पायताण घालून कोण जातंय व्हय?”

स्वतःच्याच रागाने माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात साहेब कुत्रं घेऊन बुटांसकट हिरवळीवर आला. माळी अनवाणी त्याच्या वाटेत उभा राहिला आणि बुटांकडे बोट करून म्हणाला, “काढा.”

साहेबाने मला इंग्रजीत विचारलं, हा काय म्हणतोय.

मी आधी माझ्या चपला काढल्या. मग सांगितलं.