नळी घशात असताना

भूतबाधा, करणी असलं कुणी काही सांगायला लागलं की मी सरळ चहा ठेवायला उठते. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून देव्हारा गेला, अन् त्याच्यासोबत भुतंही गेली. तरी हे लिहितेय... कारण माझ्याच कानांनी ऐकलंय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालन्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. भूल देताना घशात घालायची नळी तेव्हा लाल रबराची असायची — धुऊन, उकळून पुन्हा वापरायची. ती श्वासनलिकेत जाऊन तिचा फुगा भरला की पेशंटच्या तोंडून आवाज निघूच शकत नाही, अन् पोटातलं वर आलं तरी फुफ्फुसात उतरत नाही. एवढं लक्षात ठेवा.

धावडा गावची शांता. विशीतली पोर, अपेंडिक्स सुजलेलं. सकाळी मी मायलेकींना दरडावून विचारलं, "काही खाल्लंय का? खरं सांगा, जिवाशी गाठ आहे!"

"पानी बी न्हाई दिलं, बाई," आई म्हणाली. शांता खाली बघत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. भूल देणारे डॉक्टर नळी काढायला वाकले, अन् शांताचा आवाज आला. अगदी स्वच्छ — "मायं, सांग की त्याहीला... भाकर चारली म्हनून."

ओठ हलले नव्हते. नळी घशातच होती.

"सर, थांबा! ती खाल्लंय म्हणतेय!" मी ओरडलेच.

डॉक्टर भडकले. "फुगा भरलेला आहे, सिस्टर! बोलेल कशी? डोकं ठिकाणावर आहे ना?"

त्यांनी नळी काढली. लगेच उलटी झाली — दूध, भाकरीचे तुकडे. आम्ही उपसत राहिलो, पण बरंच छातीत उतरलं होतं. तिसऱ्या दिवशी पोर गेली.

मग आई बोलली. "उपाशी पोटी कसं चिरू द्यावं, बाई? दूध-भाकर कुस्करून चारली. तिला म्हनलं सांगू नको, हे लोक माघारी लावतेत."

माझं टाळकंच सरकलं. "तुमच्या पोरीनं आत सांगितलं होतं!" मी फाडकन बोलून गेले.

"मला बी ऐकू आल्तं," ती म्हणाली. ऑपरेशनच्या वेळी ती बाहेर बाकड्यावर होती, दोन बंद दारांपलीकडे. "वाटलं, पोरगी शुद्धीत आली, बोलून राह्यली... जिवात जीव आला माझ्या. डॉक्टरच्या म्होरंच बोलली, त्याहीला कळलंच असंल. मंग मी कशाला सांगू?"

माझा भास होता म्हणा हवं तर. पण तिचा?