सुहासला मी पित्त म्हणून सांगितलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यांनासुद्धा नाही — आणि आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली. सुहास, माझा धाकटा भाऊ, मार्गशीर्षात गेला. डेंग्यूचं निमित्त झालं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, बहीण असावी तर अशी, परक्या मुलखात त्याला सांभाळलं. मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, दुःखाने.

सांभाळलं, हे खोटं नाही. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही शारजाला, अल मजाजमध्ये राहत होतो. सुहासला पुण्यात असतानाच स्किझोफ्रेनियाचं निदान झालं होतं. गोळ्यांवर तो इतका सावरला, की दुबईत ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली आणि तो आमच्याकडे राहायला आला. गोळ्या मात्र पुण्याहूनच येत. सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत मेतकूट, भाकरवडी आणि त्याखाली एक पुडकं. आणणाऱ्याला मी सांगायचे, बीपीच्या आहेत. विमानतळावर कुणी उघडून पाहिलं असतं तर? हाही गुन्हाच. पण मला सांगायचंय ते हे नव्हे. मी उगाच लांबण लावते आहे.

एका गुरुवारी संध्याकाळी सुहासने चहाचा कप अर्ध्यात खाली ठेवला. छाती धडधडत होती, बोटं बधिर झाली होती, श्वास पुरत नव्हता. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. "ताई, मी मरतोय."

मी विचारलं, आवाज येतायत का?

"आवाज नाहीत गं! आवाज मला ओळखू येतात. हे वेगळं आहे."

आजारी माणूस इतकं नेमकं सांगत होता — आणि ऐकणारी बाई शिकलेली होती, रोज चार पानं वाचल्याशिवाय न झोपणारी.

हे कामासाठी अल ऐनला गेले होते. मी टॅक्सी केली, जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे बाकावर आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या देवधर वहिनी, गुडघा धरून बसलेल्या. "अगं, हा भाऊ ना तुझा? काय झालं याला?" उन्हाने, मी म्हटलं. त्यांचा नंबर आमच्या आधीचा होता. आम्हाला आत घेतलं तेव्हा त्या पडद्यापलीकडच्या खाटेवर होत्या. बांगड्या वाजत होत्या त्यांच्या.

सुहासला ईसीजीसाठी शेजारच्या खोलीत नेलं. थोड्या वेळाने डॉक्टर आलेखाची पट्टी घेऊन एकटाच आला. केरळचा असावा, तरुण. हृदय चांगलं आहे, म्हणाला. हा पॅनिक अटॅक वाटतो. आधीचा एखादा मानसिक आजार असलेल्यांनाही असे झटके येतात, पण ते वेगळे ओळखावे लागतात, त्यांच्यावर वेगळा उपाय असतो. मग त्याने विचारलं.

व्हिसाची भीती असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला वर्षानुवर्षं हेच सांगत आले. आजार कळला तर नोकरी जाईल, परत पाठवतील — तिथे सगळेच घाबरत. पण डॉक्टरने पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं होतं. "मॅडम, फाइल में कुछ नहीं लिखेगा. सिर्फ मेरे को मालूम होना चाहिए. दिमाग की कोई दवाई चलता है?"

मग व्हिसा कुठे राहिला?

पडदा राहिला. बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. मंडळाच्या गणपतीत निवेदन मी करायचे, चारचौघींत मला मान होता. तेवढंच होतं ते. त्याहून मोठं काही नव्हतं. मी पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "छे, छे! कुछ नहीं. कोई दवाई नहीं."

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळला.

सुहास बाहेर आला तेव्हा मी त्याला सांगितलं, पित्त आहे म्हणाले.

"हात्तिच्या! म्हणजे मी पित्ताने मरत होतो?"

"लग्न करून टाका याचं," देवधर वहिनी पडद्याआडून म्हणाल्या, "सगळं पित्त उतरतं."

चार वर्षं ते झटके येत राहिले. बसमध्ये, ऑफिसात. मी कोकम सरबत द्यायचे. तो मुकाट प्यायचा. पुढे त्यालाच वाटू लागलं की मूळ आजार चढतोय. लिफ्टमध्ये पाऊल टाकवेना, म्हणून तो नऊ मजले चढायचा. मग मला हाक मारणंच त्याने सोडलं. बाथरूमचा नळ सोडून आत बसायचा. मी दाराबाहेर उभी राहायचे. मला माहीत होतं. जे होतंय त्याला नाव आहे आणि उपाय आहे, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. एकदाही दार वाजवलं नाही. शेवटी नोकरी सोडून तो पुण्याला परतला.

तिथे नव्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ओळखलं. सहा महिन्यांत सुहास लिफ्टने जायला लागला. त्याचा फोन आला — केवढा आनंदात होता! "ताई, त्याला नाव आहे गं! पॅनिक अटॅक. औषधसुद्धा आहे. तुझ्या त्या शारजाच्या डॉक्टरला काही कळतच नव्हतं."

"हो ना," मी म्हटलं.

पुढे वीस वर्षं, घरात पाहुणे जमले की सुहास त्या डॉक्टरची नक्कल करायचा. कपाळाला आठ्या घालून, खर्जात — "पित्त है, पित्त!" सगळे हसायचे. मीही हसायचे.