देवीच्या पावलांची चांदी

सटाण्याहून पहिल्या एसटीने निघालो. सोबत नणंद सुमन, पिशवीत भाकरी-चटणी आणि रुमालात बांधलेले मीराचे पैंजण. मीरा माझी मुलगी. गेल्या वर्षी तापाने गेली, नऊ वर्षांची. नाशिकला पंचवटीतल्या एका देवळासाठी तामिळनाडूचे कारागीर पंचधातूची देवी ओतणार होते. ओतताना लोक आपलं सोनं-चांदी त्या रसात घालतात, असं ऐकलं होतं. मला तेच करायचं होतं.

ओझरला भाकरी सोडली तेव्हा सुमनला रुमाल दिसला. "वहिनी, मला वाटलं अंगठी घेतली असंल. पायातलं कुणी देवाच्या अंगात घालतं का?"

मी चिडले, कारण ती खरं तेच बोलत होती. रुमाल पिशवीत तळाशी सारला.

देवळामागे भट्टी पेटली होती. मेणाची मूर्ती घडवून वर माती लिंपलेली, मेण वितळवून काढलेलं आणि तो पोकळ साचा जमिनीत पुरलेला. रांगेत कुणाकडे मणी, कुणाकडे नथ. माझी पाळी आली आणि मला खोटं बोलता येईना.

"पायातले आहेत. माझ्या मुलीचे."

देवळाचे कारभारी मागे सरले. "नको बाई, हे चालायचं नाही."

म्हातारे स्थपती (मूर्ती घडवणारे) घाम पुसत जवळ आले. काय झालं ते विचारून घेतलं आणि साच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "अम्मा, देवी उल्टा है. सिर नीचे. आखरी का माल पैर में रहता. ये आखरी में डालेंगे."

कारभारी बाजूला झाले. दोन तास बसलो. कारागिरांनी केळीच्या पानावर चिंचेचा भात दिला, सुमनने माझ्यापुढे सरकवला.

शेवटची मूस (धातू वितळवायचं भांडं) तापली तशी हाक आली. माझ्या हातांना गाठ सुटेना. सुमननेच ती सोडली. एक पैंजण मला दिला, दुसरा स्वतःकडे ठेवला. "एक मी घालते, वहिनी. माझी पण होती ती."

लांब दांड्याच्या पळीत दोन्ही ठेवले. घुंगरं एकदा वाजली, मग रसात गेली.

परतीच्या बसमध्ये मी मोठ्याने रडले. वर्षभर न्हाणीत तोंड दाबून रडायचे, त्या दिवशी कुणाची लाज वाटली नाही. सुमन पाठीवरून हात फिरवत होती. साचा गार झाल्यावर फोडतील, मग देवी दिसेल. लोक तिचं तोंड बघायला गर्दी करतील. करू देत. मी पायांशी बसेन.