चौथा रकाना

माझ्या साडूंइतका विचार करून जगणारा माणूस सोलापुरात दुसरा नसेल, आणि एवढा विचार करून जिथल्या तिथे राहिलेला माणूसही दुसरा नसेल. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे, पण त्यांचा खरा धंदा समोरच्याच्या डोक्यात शिरून बसण्याचा. आपण काय करावं हा प्रश्नच चुकीचा, असं त्यांचं म्हणणं. आपण काय करू असं समोरच्याला वाटतंय, ते आधी ओळखायचं आणि मग हलायचं. मंडईत वांगी हवी असली की ते दोडक्यांचा भाव करत बसतात, आणि अगदी जाता जाता सहज वांग्यांकडे वळल्यासारखं करतात. भाजीवाल्या मावशी आता त्यांना इतक्या ओळखून आहेत, की यांनी दोडका हातात घेतला की त्या वांगी तराजूत टाकतात. पुण्यात अर्थशास्त्र शिकणारी त्यांची मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, याला गेम थिअरी म्हणतात. पुस्तकं आहेत यावर." साडूंचा चेहरा पडला. "म्हंजे समोरच्यानं बी वाचली असतील की," ते म्हणाले, आणि त्या रात्री धड जेवले नाहीत.

एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. बाळीवेशीजवळच्या एका बोळात समोरून टेम्पो आला. कोणीतरी एकानं मागे जायला हवं होतं. साडूंनी स्कूटर बंद केली, किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाव्हणं, ही घिऊन तुमी घरी जावा." मला काही समजेना म्हणून मी बघत राहिलो, तेव्हा कानाशी लागून म्हणाले, "मला मागं सरताच येत न्हाई, हे त्याला दिसलं पायजे. मग त्यालाच सरावं लागतंय." विचार बिनतोड होता. टेम्पोवाल्यानं शांतपणे आपलीही किल्ली काढली, खिशात घातली आणि तो कोपऱ्यावर भजी खायला गेला. शेवटी आम्ही दोघांनी स्कूटर ढकलत मागे नेली. साडूंना हरल्याचं दुःख नव्हतं. "पोरगं हुशार हाय," एवढंच ते दोनदा म्हणाले.

हे सगळं ते शिकले थोरल्या भावाबरोबर. वडिलांच्या मागे वाटणीची वेळ आली, तेव्हा दोघांनी वकील केला नाही. थोरल्यानं यंत्रमागांचे दोन वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, असं ठरलं. थोरल्यानं मग असे सारखे वाटे पाडले, की साडूंना कुठला उचलावा ते ठरवता येईना. शेजारीशेजारी दोन कारखाने उभे राहिले, मध्ये एक भिंत. पुढे एक मोठा व्यापारी आला. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे जाऊन तो दोघांचा भाव पाडू लागला. भावांनी सिद्धेश्वराच्या देवळात शपथ घेतली, की ठरल्या दराच्या खाली कोणी उतरायचं नाही. त्या रात्री दोघंही जागे राहिले. थोरला शपथ मोडेल आणि आपण बसू हात चोळत, असं साडूंना वाटलं. थोरल्याला धाकट्याबद्दल नेमकं तेच वाटलं. सकाळी दोघांनीही व्यापाऱ्याला फोन करून दर उतरवला. व्यापाऱ्याचं भलं झालं, आणि भावाभावांचं बोलणं तुटलं.

त्यानंतर दर संक्रांतीला साडू सकाळपासून इस्त्रीचे कपडे आणि चपला घालून ओसरीवर बसत. थोरला तिळगूळ घेऊन आला, की हे लगेच उठून गळ्यात पडणार होते. मागच्याच गल्लीत राहणारा थोरला काही येत नसे. बायका मात्र दरवर्षी एकमेकींकडे हळदीकुंकवाला जात. थोरल्या जावेच्या हातची शेंगापोळी घरात येई आणि साडू ती कुणाची हे न विचारता दोन खात.

मागच्या संक्रांतीआधी कळलं, की थोरल्यानं माग विकले आणि सण झाला की तो मुलाकडे पुण्याला कायमचा चालला आहे. साडू फार अस्वस्थ झाले. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि जमिनीवर खडूनं चार रकाने आखले. "मी न्हाई गेलो आन त्यो आला, तर लई झ्याक. मी गेलो आन त्यानं तोंड फिरवलं, तर माजी अब्रू गेली. दोघं बी निघालो, तर वाटंतच भेट." चौथ्या रकान्यावर त्यांचा खडू थांबला.

"आन दोघं बी न्हाई गेला तर?" माझी मेहुणी आतून म्हणाली.

"तितंच बसलोय की आमी," साडू म्हणाले.

संक्रांतीच्या दुपारी मी गेलो, तर ते दाराबाहेर उभे होते. हातात तिळगुळाचा डबा होता आणि दाराला कुलूप. "किल्ली हिच्याकडं दिली आन हिला हळदीकुंकवाला धाडली," ते म्हणाले. "आता बसायला जागाच न्हाई. चला." मला बोळातला टेम्पो आठवला. मागच्या गल्लीत थोरले ओसरीवर बसले होते, इस्त्रीच्या कपड्यांत, पायात चपला घालून. साडूंनी त्या चपलांकडे बघितलं आणि ते तिथेच थांबले. दोन्ही भाऊ एकमेकांचा चेहरा वाचायला बसतात की काय, अशी मला भीती वाटली. पण थोरले लहानपणच्या कानडीत म्हणाले, "बा, कुंद्र." ये, बस. साडू बसले. डब्याचं झाकण त्यांना उघडेना, ते मला उघडावं लागलं.

थोरले ठरल्याप्रमाणे गेले. भिंतीपलीकडे आता दुसऱ्याचे माग चालतात. रोज दिवेलागणीला दोघं भाऊ एकमेकांना फोन लावतात, दोघंही एकाच वेळी लावतात, आणि दोघांनाही लाइन व्यस्त लागते. मग आता तो लावील म्हणून दोघंही थांबतात. परवा मी समोरच होतो. साडू मांडीवर फोन ठेवून बराच वेळ बसले होते.

"तुम्हीच लावा की परत," मी म्हटलं.

"थांबा. त्योच लावणार."

"त्यांनीही हाच विचार केला असला तर?"

साडू काळ्या पडलेल्या स्क्रीनकडे बघत राहिले. "केला असंल," ते हळू आवाजात म्हणाले. "करू दे. तेवढा वेळ माजाच इचार करतोय न्हवं."