धारकाकांचा एकच प्रश्न

धारकाकांनी माझी चूक तीन आठवडे पोटात ठेवली. हे कळलं तेव्हा मी कॉलेजच्या फाटकाबाहेर उभी होते. साहित्य शिकलेल्या मुलीला असली चूक शोभत नाही.

धारकाका सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात. साठी उलटली आहे. सायकल स्टँडवर चढवायची, पेडल मारायचं, की पुढचं दगडी चाक गरगरतं. धार लावली की पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं. घसरलं तर पुन्हा दगडावर. घरोघरचं काम आटलं होतं. सुरी बोथट झाली की लोक नवी घेतात. कॉलेजचा मंगळवार तेवढा हुकमी. कँटीनच्या सुऱ्या, माळ्याच्या कात्र्या. मी तिथे ऑफिसात हंगामी कारकून. मंगळवारचा डबा त्यांच्याशेजारी बसून खायची.

मग कायदा आला. शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र आणायचं नाही. तीन इंचांहून लांब पातं सापडलं तरी गुन्हा. प्राचार्यबाईंनी चार पानी आदेश माझ्यापुढे टाकला.

"फाटकावर लावायचाय. थोडक्यात लिही."

थोडक्यात लिहिणं हे माझं व्यसन. चार पानांच्या मी दोन ओळी केल्या. "तीन इंचांपेक्षा लांब पात्याची वस्तू आत आणू नये. कोणालाही सवलत नाही." दुसरी ओळ माझ्या पदरची. लयीसाठी.

फाटकावर असतात मेजर. निवृत्त फौजी. त्यांनी त्याच दिवशी फूटपट्टी विकत आणली आणि मंगळवारी काकांना अडवलं.

"मेजर, वीस वर्षं ओळखता मला."

"म्हणून तर खुर्ची देतोय. बाहेर बसा."

काका बाहेर बसले. कँटीनच्या मावशी सुऱ्या घेऊन आल्या, धार लावून परत निघाल्या, तर फूटपट्टी आडवी.

"अहो, आत्ताच ह्या आतून आणल्या ना मी!"

"न्यायला बंदी नाही. आणायला आहे."

"मग टोमॅटो काय दातांनी कापू?"

"नोटिशीत टोमॅटोबद्दल काही नाही."

सुऱ्या मेजरच्या केबिनमध्ये कुलपात गेल्या. मग कोण कशाला काही बाहेर आणतंय? मावशी राहिलेल्या एका बोथट सुरीशी झटापट करू लागल्या. पुढचे दोन मंगळवार काका रिकाम्या चाकाशेजारी बसून होते.

तिसऱ्या मंगळवारी माझा पारा चढला. "असला कसला हा कायदा! काका, आपण अर्ज करू."

"कायद्याला नावं ठेवू नकोस. बरोबर आहे तो."

"तुमचं काम गेलं तरी?"

काकांनी पेडलला एक टिचकी मारली. "पूर्वी मी एका शाळेबाहेर बसायचो. एका मुलाने चाकू दिला. मी धार लावली. नखावर पाहिली. फार सुरेख उतरली होती. दुपारी त्याच चाकूने वर्गातल्या दुसऱ्याच्या हातावर वार झाला. पोरगं वाचलं, पण त्याची तीन बोटं अजून वळत नाहीत. तेव्हापासून अनोळखी माणसाने पातं पुढे केलं, की आधी विचारतो, कशाला?"

काकांनी सायकलच्या पेटीतून घडी घातलेले कागद काढले. तोच आदेश. पुरी चार पानं. पोलीस चौकीवरून मागून आणलेली. तिसऱ्या पानावर नखाची खूण होती. संस्थेच्या कामाची अवजारं प्रमुखांच्या लेखी परवानगीने आणता येतील.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस, काका, बघा कशी आटोपशीर झालीये नोटीस. किती खूश होतीस! म्हटलं, सापडेल तिचं तिला." कागदांची घडी घालत म्हणाले, "तीन आठवडे लावशील असं मात्र वाटलं नव्हतं."

मी तडक प्राचार्यबाईंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सवलत नाही, हे कुठून आलं?"

"लयीत बसलं, बाई."

"लयीत!"

त्यांनी परवानगीचं पत्र सांगितलं, मी टाइप केलं. शेवटी काकांच्या नेमाची एक ओळ मीच घातली. अनोळखी पात्याला कारण विचारल्याशिवाय धार लावणार नाही.

"ही कशाला? गाळून टाक."

"बाई, ह्या वेळी काही गाळायला नको."

बाई हसल्या आणि सही केली.

पुढच्या मंगळवारी काका सायकलसकट आत आले. मेजरनी पत्र दोनदा वाचलं, सवयीने चाकालाही फूटपट्टी लावली आणि केबिनचं कुलूप काढलं. मावशींनी टोमॅटोची चकती उजेडात धरून मेजरना दाखवली. आरपार दिसत होतं.

संध्याकाळी फाटकाबाहेर मी आईची सुरी काकांपुढे धरली. पत्र संस्थेच्या कामापुरतं, म्हणून बाहेर.

काकांनी पाय पेडलवर ठेवला. फिरवला नाही.

"कशाला?"

"काका, मी आहे!"

"तू कायदा गाळणारी बाई. कशाला?"

"भाजी चिरायला."

"कुठली?"

"कोबी!"

मग चाक फिरलं.