पत्रिकेची शेवटची ओळ

श्रीरामपुरात गोरक्ष तुप्याच्या छापखान्यात पत्रिका छापली की लग्नात भांडण होत नाही, अशी ख्याती होती. छपाई काही जगावेगळी नव्हती. पण कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, चुलते आधी की मामा, हे सोयऱ्याधायऱ्यांचं शास्त्र त्याला तोंडपाठ होतं. सोळाव्या वर्षी तो खिळे जुळवायला बसला आणि पंचवीस वर्षं शिशाची उलटी अक्षरं सुलट वाचत राहिला. मग कॉम्प्युटर आला. खिळे भंगारात गेले, गोरक्ष टिकला. चाळिशी उलटल्यावर एका बोटाने का होईना, पण टाइप करायला शिकला.

आणि नेमका त्याच्याच घरात घोळ झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

शहाण्णव साली त्याच्या थोरल्या मुलीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न निघालं. मिरजगावला दिलेली थोरली बहीण साळूबाई ही गोरक्षची आक्का. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं. त्याने प्रूफ एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती तिच्याकडे धाडलं. चौथी शिकलेल्या साळूबाईने ते बोट ठेवून वाचलं. आत्याची ओळ रिवाजाप्रमाणे तळाला होती, 'सौ. साळूबाई व श्री. भिमाजी बाबर'. तिने बरोबर असल्याचा निरोप दिला. त्यानंतर व्याह्यांकडून सांगावा आला, की आमच्या ओळखीच्या एका संचालकसाहेबांचं नाव वर घाला. गोरक्षने घातलं. नावांची चौकट होती तेवढीच. खालची ओळ चौकटीबाहेर सरकली, आणि कॉम्प्युटर बाहेर सरकलेलं दाखवत नाही. हजार पत्रिका छापून वाटून झाल्या, तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. खिळ्यांच्या काळात असं होत नसे. चौकटीत मावलं नाही तर खिळे हातात उरायचे आणि माणसाला कळायचं.

साळूबाई लग्नाला आली नाही. तिचा निरोप तेवढा आला, "मला दावलं एक, अन् छापलं दुसरं." साहेबासाठी भावाने आपल्याला खोडलं, हे तिच्या मनाने घेतलं. गोरक्ष दोनदा मिरजगावला जाऊन आला. तिने ताट वाढलं, पण शब्द बोलली नाही. विचारायचं ते भिमाजीदाजींच्या मार्फत विचारायची. एवढा बाप्या माणूस, पण परतीच्या एसटीत टोपी डोळ्यांवर ओढून रडला.

अठ्ठ्याण्णव साली धाकट्या सीमाचं लग्न ठरलं. गोरक्षने मनाशी पक्कं केलं, की आता कागदाचं प्रूफ नाही. मशीनच आक्काच्या पुढ्यात नेऊन ठेवायचं आणि तिच्या डोळ्यांदेखत नाव घालायचं. छापखान्याचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा प्रवीण म्हणाला, मग लॅपटॉप घ्या, पुण्यात वापरलेले मिळतात. दोघं पहाटेच्या गाडीने पुण्याला गेले. जाताना गोरक्षने खिशात एक फ्लॉपी आणि मराठी प्रोग्रामचं कुलूप घेतलं. कुलूप म्हणजे अंगठ्याएवढी डबी. कॉम्प्युटरला प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे ती खोचली तरच प्रोग्राम उघडायचा.

दुकानदार मेगाहर्ट्झवर बोलायला लागला, तसा गोरक्ष म्हणाला की आमच्याकडे पत्रिकेत मेगाहर्ट्झ छापत नाहीत, मराठी दाखवा. सगळ्यात स्वस्त होता तो डॉसवाला. प्रवीणने मान हलवली. डॉसमध्ये मराठी हवी तर आत वेगळं कार्ड बसवावं लागतं, आणि त्या चपट्या पेटीत कार्डाला जागा कुठली? दुसऱ्यावर जुनी विंडोज होती, मेमरी चार एमबी. त्यात प्रोग्राम उघडला, पण 'ज्ञानेश्वरी' टाइप केल्यावर अक्षरं पडद्यावर यायला एवढा वेळ लागला, की तेवढ्यात चहा पिऊन झाला. तिसरा झकास होता, पातळ, हलका, रंगीत पडदा कुठूनही लख्ख दिसणारा. पण त्याचा फ्लॉपीचा कप्पा बाहेरून जोडायचा होता आणि तो आधीच्या मालकाने हरवला होता. फ्लॉपीच नाही तर पत्रिका छापखान्यातल्या मशीनवर न्यायची कशी, डोक्यावरून?

राहिला चौथा. जाडजूड, विटेसारखा जड, पडदा काळा-पांढरा. पण विंडोज पंच्याण्णव, सोळा एमबी मेमरी, फ्लॉपीचा कप्पा आतच, कुलपाला जागा, आणि वीज गेली तरी तासभर चालणारी बॅटरी. गोरक्षने खुर्ची ओढून समोर बसून त्रेचाळीस नावांची पत्रिका उघडली, एक नाव वर घातलं, एक खाली नेलं. सगळं बिनबोभाट झालं. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो श्रीरामपूरला आला.

चूक कळली ती देवळाली प्रवरेत, पत्रिकेचं गिऱ्हाईक असलेल्या काकासाहेब कडूंच्या ओसरीवर. त्यांच्या घरच्या लग्नाची बैठक, दहा-बारा माणसं मशीनच्या भोवती कोंडाळं करून बसलेली. तो पडदा समोरून नीट दिसायचा. जरा बाजूला सरकलं की नुसता काळाकुट्ट. दुकानात गोरक्ष एकटाच समोर बसला होता, त्याला काय ठाऊक! एक म्हातारा म्हणाला, तुप्या, आमाला अंधार दावायला आणलास काय. शेवटी एकेकाला उठवून, समोर बसवून आपापलं नाव वाचून घ्यावं लागलं. वारंवार असा पाळीपाळीने डॉक्टरला दाखवल्यासारखा कार्यक्रम कोण करणार? प्रवीण म्हणाला, परत देऊ. पण सीमाच्या लग्नाला दिवस थोडे उरले होते. गोरक्ष तोच लॅपटॉप घेऊन मिरजगावला गेला.

साळूबाई चुलीपाशी होती. गोरक्षने बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. दाजी शेजारी बसले आणि म्हणाले, काही दिसत नाही. साळूबाई दारातून डोकावली, तिलाही काळंच दिसलं. तिचा चेहरा ओढलेला गोरक्षने पाहिला. पुन्हा दाखवायचं एक आणि छापायचं दुसरं, असं तिला वाटलं असणार. तो उठून बाजूला झाला आणि म्हणाला, "आक्का, हितं बस. समोरूनच दिसतंय."

दाजींनी खूण केली. हात पुसत साळूबाई भावाच्या जागेवर बसली. पडद्यावर बोट ठेवून वरपासून वाचत आली. आत्याची ओळ या वेळी गोरक्षने मुद्दाम वर घेतली होती, मामांच्याही आधी. साळूबाई तिथे थांबली.

"हितं नगं," ती म्हणाली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती. "पार तळाला टाक, शेवटच्या वळीत. तवा तितूनच पडलं हुतं ना? बघू या टायमाला राहतंय का."

गोरक्षने तिला उठू दिलं नाही. मागून वाकून, हात लांबवून ओळ तळाला नेली आणि पत्रिका फ्लॉपीवर उतरवली. मग लॅपटॉपवरची प्रत पुसून टाकली आणि फ्लॉपी काढून तिच्या हातावर ठेवली.

"सगळी पत्रिका यात हाय. ही नसंल तर मलाबी छापता यायची न्हाई. छापायच्या दिशी घेऊन ये."

साळूबाईने फ्लॉपी उलटीसुलटी करून पाहिली आणि आत नेली. ती येईल की नाही, हे गोरक्षला माहीत नव्हतं. विचारायचा धीर त्याला झाला नाही.

छपाईच्या दिवशी सकाळी नगरहून आलेल्या एसटीतून ती उतरली. फ्लॉपी चोळीच्या खणात गुंडाळलेली होती. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता ती मशीनपाशी स्टूल घेऊन बसली. पहिली पत्रिका निघाली तशी तिने ओलीच हातात घेतली, आणि खालून वर वाचायला सुरुवात केली.